‘सावकाश’ : एका गेमच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

आजपासून नोंदवही. काम चौघांचं आहे. लेखन आणि डिझाइन माझ्याकडे, सोबत एक प्रोग्रामर, एक चित्रकार मैत्रीण (ॲनिमेशनही तीच करते) आणि ध्वनी सांभाळणारा एक मित्र. गेमचं नाव सध्या तरी ‘सावकाश’.

गोष्ट थोडक्यात अशी. एक मुलगी, तिचे आजोबा आणि एक जुनं, ऐसपैस घर. आजोबांची नजर अधू होत चालली आहे, पाय थकलेत. आठ दिवसांची आठ प्रकरणं, सगळं मिळून दीडएक तासाचा खेळ. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी आजोबा जातात. सातव्या आणि आठव्या प्रकरणात मुलगी घरात एकटी असते.

पुढे कामाच्या रगाड्यात विसरायला होतं, म्हणून उद्दिष्ट आत्ताच लिहून ठेवते: आजोबा गेल्यावर त्यांची उणीव खेळणाऱ्याला हातात जाणवली पाहिजे. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, नाही आलं तरी चालेल. हातात मात्र जाणवायलाच हवी.

११ जानेवारी

‘हातात म्हणजे नेमकं काय?’ असं प्रोग्रामरने विचारलं. दुपारभर त्यावरच बोलणं झालं.

मी त्याला ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ दाखवला. २०१३ चा गेम, दिग्दर्शन योसेफ फारेस यांचं. दोन भाऊ, कंट्रोलर मात्र एकच. (स्टिक म्हणजे अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी, ट्रिगर म्हणजे तर्जनीखालचं बटण.) डावी स्टिक आणि डावा ट्रिगर थोरल्याचा, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्याचा. धाकट्याला पाण्याची भीती, त्यामुळे पाणी आलं की थोरला त्याला पाठीवर घेऊन पोहतो. थोरला मरतो. परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी लागतं आणि धाकटा काठावरच अडतो. उजवा ट्रिगर कितीही दाबा, तो पुढे सरकत नाही. मग तुम्ही थोरल्याचा, म्हणजे डावा ट्रिगर दाबता आणि धाकटा पाण्यात उतरून पोहायला लागतो. त्या क्षणी पडद्यावर एक अक्षरही येत नाही. दोन-तीन तास एका माणसासाठी राखलेलं बोट दुसऱ्यासाठी कामाला येतं आणि काय झालं ते बोटालाच कळतं. हे सिनेमात करता येणार नाही, कादंबरीतही नाही.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’ (२०१७) मधल्या लुईसच्या प्रकरणाचंही तसंच. एका हाताने कारखान्यात माशांची डोकी उडवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात हिंडायचं. पहिला हात थोड्या वेळाने आपोआप चालायला लागतो, लक्ष सगळं दुसरीकडे जातं. लुईसच्या मनाचं जे होतं तेच इथे खेळणाऱ्याच्या लक्षाचं होतं. त्याला कंटाळ्याबद्दल कुणी काही ऐकवत नाही, तो कंटाळा त्याच्या हातून घडतो.

आणि ‘इको’ (२००१). कंट्रोलरवरचं आर-वन बटण दाबून धरलं की मुलगा सोबतच्या योर्डा या मुलीचा हात धरतो. बटण सोडलं की हात सुटतो. एवढंच.

आमच्याकडेही हात धरायचं बटण असेल. कंट्रोलरवर उजवा ट्रिगर, कीबोर्डवर शिफ्ट. धरून ठेवलं की मुलगी आजोबांचा हात धरते आणि दोघं आजोबांच्या चालीने चालतात. हे नक्की झालं.

१९ जानेवारी

व्हरांड्याचा कच्चा सांगाडा तयार झाला. नुसते राखाडी ठोकळे, रंग नाही, पोत नाही. आजोबांच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत १२ मीटर. मुलीचा पळण्याचा वेग सेकंदाला ४ मीटर, आजोबांचा चालण्याचा ०.८ मीटर. म्हणजे ती एकटी असली की ३ सेकंदांत पलीकडे, आजोबांना घेऊन १५ सेकंद.

कागदावर १५ सेकंद काहीच वाटत नाहीत. बटण धरून बसलं की कळतं.

२ फेब्रुवारी

सहाव्या प्रकरणाच्या शेवटाची पहिली चाचणी. मी साडेतीन मिनिटांचा कटसीन, म्हणजे खेळणाऱ्याने नुसता बघायचा प्रसंग, लिहिला होता. आजोबा बिछान्यावर, मुलगी उशाशी, आजोबा जुन्या आठवणी सांगतात, तिला चार गोष्टी समजावतात, मागे पियानो. लिहिताना मीच दोनदा थांबले होते. वाक्यं चांगली होती, अजूनही चांगलीच वाटतात.

चौघांनी खेळून पाहिलं. चौघांनीही कंट्रोलर मांडीवर ठेवला. मी मागे बसून बघत होते, मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, हात दिसत होते. पियानो सुरू झाला की हात सैल पडायचे. एकाने पाण्याची बाटली उघडली. नंतर विचारल्यावर सगळे ‘छान होता सीन’ म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले असणार. पण सीन सुरू होताच खेळणाऱ्याचं काम संपलं होतं. आता जे करायचं ते गेम करणार, आपण बघायचं.

५ फेब्रुवारी

तो कटसीन काढला. वाक्यं वेगळ्या फाईलमध्ये जपून ठेवली आहेत, पण गेममध्ये परत आणणार नाही.

ध्वनीवाल्या मित्राने ‘फायनल फँटसी सेव्हन’ या गेमचा (१९९७) दाखला दिला. त्यातली नायकाची सोबतीण एरिथ मरते आणि लगेच लढाई सुरू होते, पण लढाईचं संगीत वाजत नाही. तिच्या मृत्यूच्या वेळी सुरू झालेली धून तशीच पुढे वाजत राहते. हात लढतात, कान मागेच राहतात. तो म्हणाला, ‘आपल्याला संगीत लावायचंच असेल तर करण्यासारखं काहीतरी हातात असतानाच लावू.’ हे मला पटलं.

नवा शेवट असा. संध्याकाळी आजोबांना हात धरून खोलीपर्यंत न्यायचं, तेच नेहमीचे १५ सेकंद. दारापाशी ते म्हणतात, ‘जा आता, येतो मी.’ खेळणाऱ्याला बटण सोडावं लागतं. ते आत जातात. पडदा काळा. सातवं प्रकरण सुरू.

१४ फेब्रुवारी

मोठी अडचण. आज पहिली चार प्रकरणं सलग खेळवली, सहा जणांना. सगळ्यांची एकच तक्रार: आजोबा फार हळू चालतात.

तक्रार खरी आहे. गेम खेळणाऱ्यांना सोबतीची मोहीम म्हटलं की कपाळावर आठ्या येतात, आणि त्याला कारण आहे. संथ चालीच्या, मध्येच अडखळणाऱ्या, दारात अडकून बसणाऱ्या पात्राला सुखरूप पोहोचवायचं काम कितीतरी गेममध्ये नुसतं रखडवण्यासाठी घातलेलं असतं. आम्ही तीच गोष्ट गेमच्या गाभ्याला ठेवली आहे. दुसऱ्या प्रकरणात एकीने बटण एका बोटाने धरून दुसऱ्या हाताने फोन बघायला सुरुवात केली. एक जण आजोबांना तिथेच सोडून पुढे पळाला, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, ते येत नाहीत म्हटल्यावर परत आला, हात धरला आणि मोठा सुस्कारा सोडला.

त्या सुस्काऱ्यावर रात्री आमचा वाद झाला. प्रोग्रामरचं म्हणणं, वेग १.२ करू, दहा सेकंदांत व्हरांडा पार होईल, तक्रार मिटेल. चित्रकार मैत्रीण म्हणाली, सुस्कारा सोडला हे चांगलंच झालं. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपण खरोखर असेच सुस्कारे सोडतो. ते माणूस गेल्यावर जे आठवतं त्यात हे सुस्कारेही असतात.

मी तिच्या बाजूची. पण एक भेद करावा लागेल. खेळणाऱ्याचा वैताग आजोबांवर निघाला तर तो आमच्या कामाचा. गेमवर निघाला तर आम्ही हरलो. फोन बघणारी मुलगी गेमला कंटाळली होती. सुस्कारा सोडणारा आजोबांना कंटाळला होता. पहिलीसाठी काहीतरी केलं पाहिजे. दुसऱ्याला धक्का लावायचा नाही.

२००७ साली गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी ‘बायोशॉक’ या गेमबद्दल लिहिताना ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ हा शब्द वापरला, तेव्हापासून तो रूढ झाला. गोष्ट एक सांगते आणि खेळाचे नियम तुम्हाला दुसरंच करायला लावतात, असा तो विसंवाद. आमची गोष्ट सांगते की मुलीचा आजोबांवर जीव आहे. आमचा नियम खेळणाऱ्याला त्यांच्यावर चिडवतो. हा विसंवाद आहे का? मला नाही वाटत. जीव आणि चिडचीड एकाच घरात नांदतात. पण खेळणाऱ्याला त्यातली चिडचीडच मिळाली आणि जीव कुठे लागलाच नाही, तर तो विसंवादच म्हणायचा. तेव्हा चालीला हात न लावता वाट भरायची.

२२ फेब्रुवारी

वाट कशाने भरायची यावर आठवडा गेला.

पहिला प्रयत्न फसला. मी आजोबांना व्हरांडाभर आठवणी सांगायला लावल्या. ते सलग बोलत राहिले आणि सगळं रेडिओ लावल्यासारखं वाटायला लागलं. कटसीनमधून काढलेलंच चोरवाटेने परत आलं होतं.

दुसरा प्रयत्न जमतोय. आजोबा फार थोडं बोलतात, आणि बोलतात ते समोरच्या वस्तूंबद्दल. भिंतीवरून हात फिरवत चालतात. खुंटीपाशी हात थांबतो, ‘छत्री कुणी नेली?’ पुढच्या दिवशी तीच खुंटी, तोच हात, प्रश्न नाही. तिसऱ्या दिवशी खुंटी आली की हात आपोआप खाली येतो. हे बघायला पडद्याकडे लक्ष लागतं, फोन बघणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही.

आणि खिडकी. व्हरांड्याच्या बरोबर मध्यावर, ६ मीटरवर, आजोबा दम खायला थांबतात. ‘थांब गं जरा.’ चार सेकंद. मुलगी बाहेर बघते. आजोबांना बाहेरचं दिसत नाही, ते विचारतात, ‘काय दिसतंय?’ खेळणाऱ्यापुढे दोन-तीन उत्तरं येतात. कावळा. पाऊस यायला लागलाय. काही नाही, आजोबा. यातलं काहीही निवडलं तरी गोष्ट तीच राहते. फरक इतकाच, की पाऊस म्हटलं तर संध्याकाळी आजोबा ‘थांबला का पाऊस?’ असं विचारतात.

संवाद ‘इंक’मध्ये लिहितेय. इंकल या स्टुडिओने स्वतःच्या गेमसाठी बनवलेली, संवाद लिहायची स्क्रिप्टिंग भाषा आहे, २०१६ पासून सगळ्यांना खुली. कोणतं उत्तर कधी दिलं होतं ते लक्षात ठेवून पुढे आठवण काढणं तिच्यात फार सोपं जातं. आजोबांचं विसरणंही त्याच यादीतून येतं: पाचव्या दिवसापासून ते चुकीच्या दिवसाचं उत्तर आठवतात.

४ मार्च

एका प्रकाशकाला चार प्रकरणं दाखवली. त्यांना आवडली. अट एकच: आजोबांना वाचवता येईल असा एक तरी शेवट ठेवा, निवड असली की लोक पुन्हा खेळतात.

नकार कळवला. पैसे लागणार होते, चौघांनाही. तरी यावर मतभेद झाले नाहीत.

निवडीबद्दल माझा अजिबात आकस नाही. ‘द वॉकिंग डेड’ या गेममध्ये (२०१२) उत्तर द्यायला वेळ मोजून मिळतो आणि काही न बोलणं हेही उत्तर धरलं जातं. गोष्टीचा मोठा प्रवाह फारसा बदलत नाही, पण क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल एवढी एक ओळ कोपऱ्यात आली की तुम्ही त्या पोरीसमोर कसे वागताय याची काळजी वाटायला लागते. ती निवड खरी वाटते, कारण ती कुणासमोर तरी केलेली असते. आमच्या आजोबांचा मृत्यू खेळणाऱ्याच्या एखाद्या उत्तराला बांधला, तर तो कोड्याच्या चुकलेल्या सोडवणुकीसारखा होईल. मग प्रत्येक जण मागे जाऊन बरोबर उत्तर शोधेल. ज्या घरात माणूस गेलंय तिथले लोक आधीच मनातल्या मनात ते शोधत असतात. त्यांच्या हातात आम्ही त्याचं बटण द्यायचं नाही.

१२ मार्च

हात धरण्याचं ॲनिमेशन शेवटी बसलं. अडचण उंचीची होती. मुलगी लहान, आजोबा वाकलेले, त्यामुळे पायरी आली की बोटं एकमेकांत घुसत होती. आता पायरीवर मुलगी आधी उतरते आणि हात वर करून ठेवते. तांत्रिक सोय म्हणून केलं, दिसायला फार सुंदर झालं.

२० मार्च

ध्वनीचा दिवस. आजोबांच्या काठीचे ११ वेगवेगळे ठोके ध्वनिमुद्रित केले होते: फरशीवर, लाकडावर, उंबऱ्यावर. तोच ठोका परत-परत आला तर कानाला लगेच कळतं, म्हणून इतके.

आज एक गोष्ट लक्षात आली. मित्राने जानेवारीतच मुलीच्या अनवाणी पावलांचे आवाज तयार करून घातले होते. पहिल्या सहा प्रकरणांत ते कुणालाच ऐकू येत नाहीत, काठीच्या ठोक्याखाली दबतात. बंद नाहीत, चालूच असतात. सातव्या प्रकरणात काठी नाही. खोलीचं दार उघडून मुलगी व्हरांड्यात येते आणि आपल्याला पहिल्यांदा तिची पावलं ऐकू येतात.

त्याने आवाज वाढवला नव्हता की संगीत घातलं नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि थोडा वेळ काहीच काम केलं नाही.

सातव्या प्रकरणात संगीत नको, यावर एकमत.

२ एप्रिल

पहिल्यांदा आठही प्रकरणं सलग. नऊ जण, चौघांकडे कंट्रोलर, पाच जण कीबोर्डवर.

सातव्या प्रकरणाकडे माझं सगळं लक्ष होतं. सकाळ होते, मुलीला स्वयंपाकघरात जायचंय. आता ती पळू शकते. ३ सेकंद. आमची अपेक्षा अशी की सहा प्रकरणं ज्या वेगाची वाट बघितली तो मिळाला की खेळणारा पळेल आणि पलीकडे पोहोचल्यावर त्याला चुकल्यासारखं वाटेल.

बहुतेकांचं तसंच झालं. एक जण पलीकडे पोहोचला, वळला आणि रिकाम्या व्हरांड्याकडे बघत उभा राहिला.

पण कंट्रोलरवाल्यांपैकी एक बाई पळाल्याच नाहीत. त्यांनी स्टिक पूर्ण न ढकलता अगदी थोडी कलती ठेवली, अंगठा थरथरत होता. स्टिक जितकी ढकलाल तितका वेग, हे गणित गेम ज्यावर चालतो त्या इंजिनमध्ये असतंच, आम्ही काही वेगळं केलं नव्हतं. त्यांनी ती मुलगी जवळपास आजोबांच्या चालीने व्हरांडाभर नेली. त्यांना मी नंतर काही विचारलं नाही. विचारायला नको होतं.

३ एप्रिल

कालचं बघून प्रोग्रामरने रात्री बटणांची नोंद काढली. प्रत्येक चाचणीत कुठली कळ कधी दाबली ते साठवलं जातं, आम्ही एरवी फक्त अडकलेल्या जागा शोधायला ते बघतो.

कीबोर्डवर थोडी स्टिक ढकलणं नसतं. कळ दाबलेली असते किंवा नसते. म्हणजे त्या पाच जणांना हळू चालायची सोयच नव्हती. पण सातव्या प्रकरणाच्या व्हरांड्यात पाचांपैकी तिघांनी शिफ्ट दाबली होती. एकाने सहा वेळा.

शिफ्ट म्हणजे आजोबांचा हात. सातव्या प्रकरणात ती कळ आम्ही बंद केली होती, धरायला हात नाही म्हणून. तर्काला धरून बरोबरच. तिघे जण हाक मारत होते आणि गेम ओ देत नव्हता.

‘ब्रदर्स’मधला ट्रिगर मी जानेवारीत सगळ्यांना कौतुकाने दाखवला होता, आणि आमच्या गेममधली तीच जागा मला दिसली नव्हती. त्या बाईंच्या अंगठ्याने ती दाखवली.

आजपासून सातव्या आणि आठव्या प्रकरणात हाताचं बटण चालू.

९ एप्रिल

चालू म्हणजे काय होईल, यावर सहा दिवस.

चित्रकार मैत्रिणीने दोन ॲनिमेशनं करून आणली. एकात मुलगी हात वर उचलते, रिकामा हात हवेत धरल्यासारखा. दुसऱ्यात हात किंचित वर येऊन परत पडतो. दोन्ही कसबी. पहिलं बघून मला लगेच भरून आलं आणि म्हणूनच शंका आली. तो रिकामा हात कुणाला तरी दाखवण्यासाठी वर येतो. मुलगी तेव्हा एकटी आहे, तिला बघणारं कुणी नाही.

शेवटी ठरलं ते असं: बटण धरलं की मुलगी आजोबांच्या वेगाने चालते, सेकंदाला ०.८ मीटर. दुसरं काहीही नाही. हात तसेच बाजूला. कॅमेरा मात्र पहिल्या सहा प्रकरणांत दोघं चौकटीत मावावीत म्हणून जरा बाजूला सरकायचा, तो तसाच सरकतो. त्यामुळे मुलगी चौकटीच्या एका कडेला येते आणि शेजारी एका माणसाची जागा उरते.

ही कॅमेऱ्याची कल्पना मैत्रिणीची. आपली दोन्ही ॲनिमेशनं तिने स्वतःहून बाजूला ठेवली. तीन दिवसांचं काम होतं ते.

हे बटण कुठेही सांगायचं नाही, हेही ठरलं. सूचना नाही, चिन्ह नाही. ज्याच्या बोटाला आठवेल त्याच्यासाठी.

१८ एप्रिल

आज एका चाचणीकर्त्याने पाचव्या प्रकरणात खेळ थांबवला. आजोबा मुलीला तिच्या आईच्या नावाने हाक मारतात, तिथे. म्हणाले, घरी नुकतंच असं होऊन गेलंय, पुढे नाही जमणार. आम्ही त्यांच्याजवळ बसलो, गेमबद्दल काहीच बोललो नाही.

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) रायन आणि एमी ग्रीन या आईवडिलांनी आपल्या मुलाच्या, जोएलच्या, आजारपणावर केला. काम चालू असतानाच २०१४ मध्ये जोएल गेला. त्यात एक रुग्णालयातली रात्र आहे. मूल रडतंय आणि खोलीतली कुठलीही गोष्ट केली तरी ते शांत होत नाही. काहीतरी दाबलं की काहीतरी सुधारतं, हे गेमचं नेहमीचं वचन तिथे पाळलं जात नाही. मला तो गेम पुन्हा उघडवत नाही, आणि तो असलाच पाहिजे असंही वाटतं. पण ज्याने तो उघडलाय त्याला आत काय आहे याची कल्पना असते. आमच्या चाचणीला आलेल्या माणसाला ती नव्हती. चूक आमची.

आजच केलेले बदल. सुरुवातीलाच दोन ओळी: या गोष्टीत स्मृतिभ्रंश आहे, घरातल्या माणसाचा मृत्यू आहे. कुठेही थांबता येईल, आणि परत आल्यावर त्याच पावलावर सुरू होईल. आधी प्रकरणाच्या सुरुवातीला जावं लागायचं.

दुसरं काम. बटण १५ सेकंद धरून ठेवणं सगळ्यांना जमत नाही, बोटं दुखतात. त्यामुळे एकदा दाबलं की हात धरला, पुन्हा दाबलं की सोडला, असा पर्याय दिला. त्यातून एक गुंता निघाला. असा पर्याय निवडलेल्याने सहाव्या प्रकरणाच्या शेवटी हात सोडायचं बटण जरा उशिरा दाबलं, तर सातवं प्रकरण हात धरलेल्या अवस्थेतच सुरू होत होतं. मुलगी आपोआप हळू चालते आणि खेळणाऱ्याला बटण दाबून तो हात सोडावा लागतो. प्रोग्रामर म्हणाला, ‘हे आधीच्यापेक्षाही जबर आहे, ठेवूया का?’ जबर होतंच. नाही ठेवलं. बोटं दुखतात म्हणून दिलेल्या सोयीने त्याच माणसावर जास्तीचं ओझं टाकायचं नाही, त्याने ते मागितलेलं नाही. सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला हात सुटलेलाच.

६ मे

आठव्या प्रकरणातली शेजारीण काढली. ती येऊन मुलीला धीर देत होती, म्हणजे खरं तर खेळणाऱ्याला. संवाद १४० ओळींनी कमी झाले. भाषांतराचा खर्चही कमी.

२१ मे

बिल्ड, म्हणजे गेमची तयार प्रत, गोठवण्याआधीची शेवटची चाचणी. एक मुलगा, कीबोर्डवर. पहिल्या प्रकरणापासून घाईत. आजोबांना तीनदा मागे सोडून पळाला. खिडकीपाशी दर वेळी ‘काही नाही, आजोबा’ हेच उत्तर. मी मनात म्हटलं, हा सातव्यात पळणार.

सातवं प्रकरण. दार उघडलं, पावलांचा आवाज आला. दोन-तीन पावलं पळाला, थांबला. डाव्या हाताची करंगळी शिफ्टवर गेली. कॅमेरा बाजूला सरकला. तो कुठेही बघत नव्हता, फक्त पडद्याकडे. खुंटी आली, गेली.

खिडकीपाशी त्याने कळ सोडली आणि उभा राहिला.

तिथे आम्ही काहीही ठेवलेलं नाही. आजोबा तिथे थांबायचे, ते आजोबांच्या हालचालीत लिहिलेलं होतं, मुलीच्या नाही. प्रश्न येत नाही, उत्तरं येत नाहीत. तो उभा राहिला. नोंदीत बघितलं, अकरा सेकंद. मग पुन्हा शिफ्ट दाबली आणि उरलेला व्हरांडा चालत गेला.

संध्याकाळी चौघं बसलो. खिडकीपाशी कुणी थांबलं तर बाहेर काहीतरी घडावं का, असा प्रश्न निघाला. पाऊस सुरू व्हावा, कावळा यावा. ध्वनीवाल्याकडे पावसाचा आवाज तयार आहे, कावळ्याचं चित्रही आहे. सगळं जोडायला अर्धा तास लागला असता.

नाही जोडलं. रात्री ९ वाजता बिल्ड गोठवली.